प्रेमचंद रायचंद, राजाबाई टॉवर आणि खान्देशची कपाशी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळांच्या सहली मुंबईहून परतल्या की आणि स्पर्धा परीक्षांच्या जाहिराती निघाल्या की जळगाव, धुळे, नंदुरबारहून प्रेमचंद रायचंदांबद्दल तेच ते प्रश्न येऊ लागतात. त्यातले नेहमीचे इथे एकत्र केले आहेत. विचारणाऱ्यांची भाषा शक्य तिथे तशीच ठेवली आहे. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल. जिथे एक विषय दुसऱ्यात शिरतो तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

1. प्रेमचंद रायचंद म्हणजे नेमके कोण? दोन-चार ओळींत सांगा.

1831 साली सुरतेत जन्मलेले, मुंबईत वाढलेले जैन व्यापारी. कापूस, सोनं-चांदी आणि शेअर यांची दलाली करता करता 1860 च्या दशकात ते मुंबईच्या पैशाच्या बाजारातले सर्वांत वजनदार गृहस्थ झाले. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापूस भडकला तेव्हा त्यांनी अमाप कमावलं, 1865 मध्ये बाजार कोसळला तेव्हा तितकंच गमावलं. त्यानंतरही चाळीस वर्षं ते जगले, पुन्हा दलालीवर उभे राहिले आणि 31 ऑगस्ट 1906 रोजी वारले. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर आणि ग्रंथालय त्यांच्या देणगीतून उभं राहिलं.

2. भाऊ, तो आपला खान्देशना व्हता का?

नाही. सुरतेचा जन्म, मुंबईची पेढी. खान्देशात त्यांचा वाडा, गढी किंवा गाव नाही, आणि उगाच ओढून-ताणून त्यांना आपलं करण्यात अर्थ नाही. पण ज्या मालावर त्यांचं साम्राज्य उभं राहिलं तो कापूस गुजरात, वऱ्हाड, धारवाड यांच्याबरोबर खान्देशच्या काळ्या जमिनीतूनही मुंबईला जात होता. म्हणून हा माणूस आपल्या इतिहासात येतो. तो आला नाही, आपली कपाशी त्याच्यापर्यंत गेली.

योगायोगाची एक गोष्ट, परीक्षेत कामाला येईल: ज्या 1906 साली ते वारले त्याच साली एकसंध खान्देश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. पूर्व खान्देशचं ठाणं जळगाव, पश्चिमेचं धुळे.

3. रायचंद हे आडनाव का?

नाही, ते वडिलांचं नाव. वडील रायचंद दीपचंद सुरतेचे व्यापारी होते. इंग्रजी कागदांत नावाचं स्पेलिंग वेगळं पडल्यामुळे काही मराठी पुस्तकांत ‘रॉयचंद’ असंही छापलेलं दिसतं. माणूस एकच.

4. ते गरिबीतून वर आले असं ऐकलं. शिक्षण किती होतं?

अगदी फाटक्या घरातले नव्हते, पण वारशात पेढीही मिळालेली नव्हती. वडील सुरत सोडून मुंबईला आले. प्रेमचंद तिथे एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये शिकले आणि विशीच्या आत एका दलालाकडे उमेदवारी करू लागले. त्यांची खरी पुंजी इंग्रजी. मुंबईच्या देशी दलालांमध्ये इंग्रजी बोलता, वाचता आणि लिहिता येणारा पहिला दलाल अशी त्यांची ओळख सांगितली जाते. युरोपियन बँकेच्या मॅनेजरशी दुभाष्याविना बोलू शकणारा आणि त्याच दिवशी संध्याकाळी मारवाडी-गुजराती पेढ्यांवर गादीला टेकून सौदा करणारा माणूस तेव्हा दुर्मीळ होता. दोन्ही बाजूंचा विश्वास एका ठिकाणी गोळा झाला, आणि विश्वास हेच दलालाचं भांडवल.

5. ते दलाल होते की बँकर? पुस्तकांत दोन्ही लिहिलेलं असतं.

दोन्ही, आणि घोटाळ्याचं मूळही तिथेच आहे. दलाल दुसऱ्याचा माल दुसऱ्याला मिळवून देतो आणि मधली दलाली घेतो. बँकर ठेवी गोळा करतो आणि कर्ज देतो. प्रेमचंदांनी एशियाटिक बँकिंग कॉर्पोरेशन उभी करण्यात पुढाकार घेतला, बँक ऑफ बॉम्बेच्या व्यवस्थापनावर त्यांचं वजन पडलं, आणि त्याच वेळी ते शेअरांची दलालीही करत होते. म्हणजे शेअर कोणता चढणार हे ज्याच्या हातात, कर्ज कोणाला मिळणार हेही बऱ्याच अंशी त्याच्याच शब्दावर. आजच्या नियमांत हे बसणारच नाही. तेव्हा असे नियमच नव्हते. पुढचा भाग प्रश्न 11 मध्ये.

6. अमेरिकेत युद्ध झालं तर आमच्या पारोळा-एरंडोलच्या कपाशीला काय फरक पडला?

फार मोठा. इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्या युद्धाआधी तीन चतुर्थांशाहून जास्त कापूस अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतून घेत. एप्रिल 1861 मध्ये यादवी युद्ध सुरू झालं आणि उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं रोखली. गिरण्यांच्या नाकातोंडाशी पाणी आलं. कापूस मिळण्याची दुसरी मोठी जागा म्हणजे हिंदुस्थान, आणि हिंदुस्थानचा कापूस बाहेर जाण्याचं मोठं दार म्हणजे मुंबई.

आपला कापूस त्यांना मनापासून आवडत होता असं नाही. लिव्हरपूलच्या बाजारात हिंदुस्थानातून आलेल्या सगळ्याच कापसाला ‘सुरत’ म्हणत, आणि हे नाव तिथे जवळजवळ शिवीसारखं वापरलं जाई: धागा आखूड, कचरा जास्त. मुंबईच्या बाजारात खान्देश आणि वऱ्हाडचा माल ‘उमरा’ या व्यापारी नावाखाली मोडे, म्हणजे उमरावतीचा (आजची अमरावती). पण अडला हरी. अमेरिकन कापूस मिळेना म्हणून त्यांना आपला घ्यावाच लागला, आणि भाव आकाशाला टेकले.

या पाच वर्षांत मुंबई इलाख्याला नेहमीच्या भावापेक्षा सुमारे 8 कोटी पौंड जादा मिळाले असा त्या काळचा अंदाज आहे. जळगावचं भाग्य याच काळात उघडलं. जुन्या गॅझेटियरमध्ये स्पष्ट नोंद आहे की अमेरिकन युद्धाच्या दिवसांत जळगाव ही कापसाची मोठी पेठ होती आणि युद्ध थांबताच भाव एकदम पडल्यामुळे तिला जबर धक्का बसला.

7. शेतातला कापूस मुंबईला पोचायचा कसा? तेव्हा रेल्वे होती का?

अर्धवट होती, आणि ही गोष्ट मला या सगळ्या कहाणीत सर्वांत जास्त चटका लावते.

आधी माल बघू. वेचणी झाली की कपाशीतून सरकी वेगळी करायची. त्यासाठी घरोघरी हाताने फिरवायचे लाकडी चरक असत. दोन रुळांमधून रुई पुढे निघते, सरकी मागे पडते, आणि दिवसभर बसलं तरी ढीग फारसा सरकत नाही. हे काम बहुतेक बायकांच्या वाट्याचं. निघालेली रुई हलक्या हाताने दाबून गठ्ठे बांधत आणि बैलगाड्या आग्रा रोडला लागत: धुळे, मालेगाव, नाशिक, मग थळ घाट उतरून भिवंडीकडे. वाटेत पाऊस, धूळ, आणि प्रत्येक मुक्कामाला थोडी थोडी रुई कमी. मुंबईत पोचल्यावर खंडीवर वजन होई. कापसाची मुंबईची खंडी 784 पौंडांची, म्हणजे आजच्या हिशेबाने साधारण 355 किलो. तिथे गठ्ठे प्रेसमध्ये पक्के दाबून, गासड्या बांधून जहाजावर चढत.

जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे 1853 मध्ये ठाण्यापर्यंत धावली, पण आपल्या बाजूने सह्याद्री ओलांडायला तिला बारा वर्षं लागली. घाटाच्या वरचे तुकडे, नाशिक, चाळीसगाव, जळगाव, भुसावळ, 1860 च्या दशकात एकामागून एक जोडले गेले. मात्र थळ घाटातली लाईन जानेवारी 1865 मध्ये खुली झाली. म्हणजे खान्देशचा कापूस अखंड रेल्वेने मुंबईला जायला लागला, आणि तीनच महिन्यांत, एप्रिल 1865 मध्ये, अमेरिकेतलं युद्ध संपलं. रस्ता तयार झाला तेव्हा गिऱ्हाईक निघून गेलेलं.

8. कापसात पाणी आणि दगड घालायचे हे खरं का? आमचे आजोबा सांगायचे.

खरं, आणि त्यावर कायदाही झाला. भाव चढले तसे गठ्ठ्यात ओलावा, सरकी, माती, हलक्या जातीची रुई मिसळण्याचे प्रकार वाढले. शेतकरी, अडत्या, गाडीवान, मुंबईचा व्यापारी, प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवी. मुंबई सरकारने 1863 मध्ये कापसातली भेसळ रोखण्यासाठी खास कायदा केला आणि निरीक्षक नेमले. खान्देशात कलेक्टर ॲशबर्नर यांनी हिंगणघाटचं बियाणं आणून पसरवलं, म्हणजे तंतू जरा लांब यावा.

9. बँका नव्हत्या, मग एवढा पैसा मुंबईहून खेड्यात यायचा कसा?

हुंडीवर, म्हणजे ठरलेली रक्कम देण्याच्या लेखी चिठ्ठीवर. मुंबईची पेढी जळगावच्या किंवा धुळ्याच्या अडत्याला माल घ्यायला सांगे. अडत्या तिच्यावर हुंडी काढे आणि ती स्थानिक सराफाकडे वटवून रोकड उचले. हुंडी दर्शनी असेल तर दाखवताक्षणी पैसे, मुदती असेल तर ठरलेल्या दिवसांनी. सराफ ती हुंडी पुढे दुसऱ्याला विकू शके, त्यामुळे चांदीच्या थैल्या घाटातून नेण्याची गरज बरीच कमी होई. खेड्यातला सावकार मात्र पेरणीच्या आधीच शेतकऱ्याला उचल देऊन पीक बांधून घेई. भाव चढला तर चढलेला सगळा भाव शेतकऱ्याच्या हाती न येण्याचं कारण इथे आहे.

तरी हातात पैसा आलाच नाही असंही नाही. या तेजीत शेतकऱ्यांनी गाडीच्या चाकांना लोखंडाऐवजी चांदीच्या धावा बसवल्या, असा किस्सा त्या काळच्या इंग्रज लिखाणात फिरत असे. किस्सा म्हणूनच घ्यावा. चांदीची धाव आपल्या रस्त्यांवर एक कोस तरी टिकेल का, हे गाडी हाकलेल्या माणसाला विचारा.

10. शेअर मॅनिया म्हणजे काय? हर्षद मेहतासारखं का?

जातकुळी तीच, पण काळ एकोणिसाव्या शतकाचा. कापसाचा पैसा मुंबईत इतका साचला की तो लावायला जागा उरली नाही. मग नव्या बँका, वित्त कंपन्या, प्रेस कंपन्या, जहाज कंपन्या, आणि समुद्र बुजवून जमीन काढणाऱ्या कंपन्या निघाल्या. यातली सर्वांत गाजलेली बॅक बे रेक्लमेशन. तिचा 5,000 रुपये भरलेला शेअर चढत चढत 50,000 च्या वर गेला. जमीन अजून पाण्याखाली होती, पण तिचा भाव हवेत होता.

प्रेमचंद या सगळ्याच्या मध्यभागी. कोणत्या कंपनीचे शेअर कुणाला वाटायचे हे त्यांच्या शब्दावर ठरे, म्हणून लोक त्यांच्या दारात रांगा लावत. बातमी आधी मिळवण्याचीही त्यांची रीत होती. इंग्लंडची डाक घेऊन येणारी आगबोट बंदराला लागण्यापूर्वीच आपली माणसं होडीतून पाठवून ते लिव्हरपूलचे भाव मिळवत. ज्या काळात थेट तार नव्हती तेव्हा दोन-चार तासांची आघाडी म्हणजे लाखांचा फरक.

बहुतेक सौदे वायद्याचे. आज भाव ठरवायचा, पैसे ठरलेल्या तारखेला. मोठ्या संख्येने वायदे एकाच तारखेवर येऊन थांबले होते: 1 जुलै 1865. एप्रिलमध्ये अमेरिकेत दक्षिणेचा सेनापती जनरल ली याने शरणागती पत्करली, काही आठवड्यांनी बातमी मुंबईला पोचली, कापूस घसरला आणि त्यामागे शेअर. मेमध्येच मोठमोठ्या पेढ्या बसायला लागल्या. 1 जुलैला देणेकरी इतके झाले की घेणेकरी कोणाकडे जाणार हाच प्रश्न उरला. बँक ऑफ बॉम्बेचा जो शेअर 2,850 रुपयांना विकला गेला होता तो पुढे 87 रुपयांवर आला. डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारखे विद्वानही या भोवऱ्यात पोळले.

11. बँक ऑफ बॉम्बे त्यांनीच बुडवली ना? मग त्यांना दानशूर का म्हणायचं?

सर्वांत जास्त वाद या प्रश्नावर होतो, म्हणून जरा सविस्तर.

बँक ऑफ बॉम्बे 1840 ची, सरकारचीही भागीदारी असलेली, म्हणजे लोकांना सर्वांत भरवशाची वाटणारी. 1863 मध्ये तिची सनद बदलली आणि शेअर तारण ठेवून कर्ज देण्याची वाट मोकळी झाली. त्यानंतर प्रेमचंदांच्या शब्दावर, त्यांच्या माणसांना, आणि खुद्द त्यांना, पुरेशा तारणाविना मोठमोठी कर्जं गेली. तारण म्हणून ठेवलेले शेअरच 1865 मध्ये रद्दी झाले. बँकेचं बहुतेक भांडवल धुऊन गेलं. 1868 मध्ये ती गुंडाळून त्याच नावाची नवी बँक काढावी लागली. तीच नवी बँक 1921 मध्ये इम्पीरियल बँकेत गेली आणि 1955 मध्ये स्टेट बँक झाली. त्यामुळे तुमच्या तालुक्याच्या स्टेट बँकेच्या वंशावळीत हा प्रसंग आहे.

सर चार्ल्स जॅक्सन यांच्या आयोगाने चौकशी करून जी कारणं मांडली त्यांत बदललेली सनद, सेक्रेटरींनी केलेला अधिकारांचा गैरवापर, डायरेक्टरांचा नाकर्तेपणा, चांगल्या कायदेशीर सल्ल्याचा अभाव आणि त्या काळाचं असाधारण स्वरूप यांचा समावेश आहे. म्हणजे एकट्या प्रेमचंदांच्या माथी खापर फुटलेलं नाही. पण त्यांना त्यातून सोडवायचा खटाटोपही करू नये. बँकेच्या दारावर ज्याचा शब्द चालतो त्याने त्या शब्दाचा उपयोग कसा केला, हा प्रश्न उरतोच. माझं मत विचाराल तर: दान खरं, आणि ते ज्या पैशातून आलं त्या पैशाने बरीच घरं बसवली हेही खरं. दोन्ही एकाच माणसाच्या खात्यावर लिहायचं.

12. ते तर दिवाळखोर झाले. मग टॉवरचे पैसे कुठून आले?

पैसे आधीच दिलेले होते. ऑगस्ट 1864 मध्ये त्यांनी विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी 2 लाख रुपये देऊ केले, आणि ऑक्टोबरमध्ये आईच्या नावाने मनोरा बांधण्यासाठी आणखी 2 लाख. बाजार कोसळला तेव्हा ही रक्कम विद्यापीठाच्या बाजूला सुरक्षित पडून होती आणि व्याज खात होती. शेअरमध्ये ठेवली असती तर आज तिथे मोकळी जागा दिसली असती.

पायाभरणी 1 मार्च 1869 ला, काम पूर्ण नोव्हेंबर 1878 मध्ये, एकूण खर्च सुमारे साडेपाच लाख. आराखडा लंडनच्या सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा, जे मुंबईला कधी आलेच नाहीत. उंची 280 फूट.

13. राजाबाई आंधळ्या होत्या आणि टॉवरच्या टोल्यावर जेवायच्या, हे खरं का?

सहलीचे गाइड हे हमखास सांगतात. जैन घरात सूर्यास्तानंतर जेवत नाहीत, आईला दिसत नव्हतं, म्हणून वेळ कळावी यासाठी मुलाने घड्याळाचा मनोरा बांधला. लोककथा म्हणून गोड आहे. पण तारखा बघा: देणगी 1864 ची, मनोरा पुरा झाला 1878 ला. चौदा वर्षं आई टोल्याची वाट बघत उपाशी बसली असं होत नाही. शिवाय प्रेमचंदांचा बंगला भायखळ्याला, टॉवर फोर्टमध्ये, मधलं अंतर कित्येक किलोमीटर. घरात टोल ऐकवायचा असता तर दिवाणखान्यात चांगलं घड्याळ लावून भागलं असतं. आईचं नाव कायम राहावं ही इच्छा मात्र खरी, आणि तेवढी पुरेशी आहे.

14. मुंबईशिवाय त्यांनी कुठे दान केलं?

कोलकाता विद्यापीठाला 1866 मध्ये 2 लाख रुपये. त्यातून निघालेली प्रेमचंद रायचंद विद्यावृत्ती बंगालात इतकी मानाची ठरली की लोक नावापुढे ‘पी.आर.एस.’ अशी अक्षरं लावत. आपल्या वाचकांनी लक्षात ठेवावं असं एक नाव: शिवाजी महाराज आणि औरंगजेब यांच्यावर आयुष्यभर काम करणारे इतिहासकार जदुनाथ सरकार या विद्यावृत्तीचे मानकरी होते. मराठी इतिहासावरचे कित्येक वाद ज्यांच्या लेखनावरून पेटले त्यांच्या विद्यार्थीदशेला कापसाच्या पैशाचा हात लागला होता, ही गंमतच.

गुजरातेत अहमदाबादचं अध्यापकांचं ट्रेनिंग कॉलेज त्यांच्या नावाचं, भडोचला वडिलांच्या नावाचं ग्रंथालय. खान्देशात त्यांच्या देणगीची संस्था शोधत बसू नका. सरळ नाही, पण आडवळणाने मात्र फायदा झाला. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आपल्याकडची मुलं मॅट्रिकला मुंबई विद्यापीठाच्या परीक्षेला बसत, आणि 1949 मध्ये पुणे विद्यापीठ होईपर्यंत जळगाव-अमळनेरची कॉलेजं मुंबईलाच जोडलेली होती. जळगावचं आपलं विद्यापीठ 1990 चं.

15. जगन्नाथ शंकरशेठ आणि प्रेमचंद रायचंद यांत परीक्षेत नेहमी गोंधळ होतो. फरक कसा लक्षात ठेवायचा?

नाना शंकरशेठ एक पिढी आधीचे: जन्म 1803, मुरबाडचे, दैवज्ञ घराण्यातले. मुंबईतलं मराठी सार्वजनिक जीवन उभं करण्यात त्यांचा हात: शिक्षण, 1852 ची बॉम्बे असोसिएशन, जी.आय.पी. रेल्वेचं डायरेक्टरपद. संस्कृतची शंकरशेठ शिष्यवृत्ती त्यांच्या नावाची. प्रेमचंद बाजारातले, संस्था-राजकारणातले नव्हेत. टॉवर आला की प्रेमचंद, रेल्वे आली की नाना. नाना 31 जुलै 1865 ला गेले, बाजार कोसळून महिनाही पुरता झाला नव्हता.

16. जळगावचे मुळजी जेठा म्हणजेच हे का? आणि अमळनेरचे प्रताप शेठ?

तिन्ही वेगळे. मुळजी जेठा मुंबईच्या कापड बाजारातले, काळबादेवीचं मार्केट त्यांच्या नावाचं, आणि जळगावच्या 1945 च्या कॉलेजालाही तेच नाव. जळगावची जुनी खान्देश मिल हीदेखील याच घराण्याच्या उद्योगातली. प्रताप शेठ, म्हणजे मोतीलाल माणेकचंद, अमळनेरचे. गिरणी, शाळा, आणि 1916 चं तत्त्वज्ञान मंदिर त्यांच्यामुळे. साने गुरुजी अमळनेरला ज्या शाळेत शिकवत होते ती त्यांच्याच नावाची. दान करणारा कापसाचा शेठ आपल्या मातीत शोधायचा असेल तर तो अमळनेरला सापडतो, भायखळ्याला नाही.

17. मंदीनंतर 1875 मध्ये सावकारांविरुद्ध दंगे झाले. त्यात खान्देश होता का?

मुख्य दंगे पुणे आणि नगर जिल्ह्यांत, सुरुवात सुप्याला 12 मे 1875 रोजी. शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रं जाळली. कापसाच्या तेजीत वाढलेली कर्जं आणि मंदीत न पेलणारा सारा हे त्यामागच्या कारणांपैकी एक. त्यावर आलेला 1879 चा शेतकरी कायदा सुरुवातीला पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांनाच लागू होता, खान्देश त्यात नव्हता. मात्र सारा आणि मोजणीविरुद्ध आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधी, 1852 मध्ये, सावदा-रावेर भागात उठाव झाला होता. तेव्हा कापसाची तेजी नव्हती, त्यामुळे त्याची सांगड प्रेमचंदांशी घालू नये.

18. मुंबई शेअर बाजाराचे संस्थापक तेच का?

संस्थापकांपैकी एक. दलाल 1850 च्या दशकात टाउन हॉलसमोरच्या झाडांखाली जमत. कोसळून दहा वर्षं झाल्यावर, 1875 मध्ये, त्यांनी रीतसर संघटना केली आणि प्रेमचंद तिच्या मांडणीत होते. ज्याच्यामुळे सगळे पोळले त्याला घेऊनच सगळ्यांनी बाजार पुन्हा मांडला. व्यापारात माणूस बुडाला म्हणून संपत नाही, देणं फेडलं आणि शब्द पाळला की पुन्हा बसायला जागा मिळते. प्रेमचंदांना ती मिळाली. त्यांच्यामागे ज्यांचे पैसे गेले त्या सगळ्यांना मिळाली असं म्हणवत नाही.

19. सहलीला टॉवर बघायला गेलो तर काय बघावं?

वर चढायला सर्वसामान्यांना परवानगी नाही, हे मुलांना आधीच सांगा, नाहीतर हिरमोड होतो. खालून मान वर करून पहिल्या सज्ज्याच्या वर बघा: पश्चिम हिंदुस्थानातल्या वेगवेगळ्या जातीजमातींच्या लोकांचे 24 पुतळे आहेत, पागोटी आणि पेहराव वेगवेगळे. ते रावबहादूर मुकुंद रामचंद्र यांनी घडवले. आराखडा लंडनहून आला, चेहरे मात्र इथले आहेत. दुर्बीण बरोबर न्या, साध्या डोळ्यांना बारकावे दिसत नाहीत. दगड पोरबंदर आणि कुर्ल्याचा. 2018 पासून हा परिसर जागतिक वारशाच्या यादीत आहे.

वेळ असेल तर हार्बर लाईनने कॉटन ग्रीन स्टेशनपर्यंत जा. जुना कापूस बाजार आधी फोर्टात, मग 1844 पासून कुलाब्याला होता, विसाव्या शतकात तो शिवडीजवळ हलवला आणि नाव स्टेशनला चिकटलं. मुलांना गासडी म्हणजे काय हे आधी जळगावच्या एखाद्या जिनिंग-प्रेसिंगमध्ये दाखवून न्या, मग तिथली गोदामं बघताना त्यांना प्रश्न सुचतील.